भाच्याच्या बॅगेत सापडलेल्या तीन वस्तूंचा रिव्ह्यू

मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे, सव्वीस वर्षं झाली. आजवर मी रिव्ह्यू लिहिले ते मिक्सरचे, कुकरचे आणि दिवसभर उभं राहायला लागतं तेव्हाच्या चपलांचे. या वेळच्या तीन वस्तूंपैकी एकही मी विकत घेतलेली नाही. त्या माझ्या बहिणीच्या मुलाच्या बॅगेत सापडल्या. घरात त्याला दादू म्हणतात, मीही इथं तेवढंच म्हणेन. त्याला विचारून लिहितेय.

दादू माण तालुक्यातला. आमच्याकडं रान आहे पण पाणी नाही, त्यामुळं दर दोन घरांमागं एक पोरगं भरतीच्या तयारीत असतं. मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या, ती शर्यत आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघितली होती. दादू तेव्हा बारा वर्षांचा. दुसऱ्या दिवसापासून अनवाणी पळायला लागला तो आजपर्यंत पळतोय.

पोलीस शिपाई भरतीत मैदानीला ५० गुण असतात. त्यातले २० एकट्या १६०० मीटरला. ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस. दादू ५:४० वर अडकला होता. तीस सेकंद. तयारीसाठी तो माझ्याकडं राहायला आला, कारण मी नोकरीला आहे त्या गावात एक भरतीची अकॅडमी आहे. तिचं नाव लिहीत नाही, गावाचंही नाही.

महिनाभरात त्याची वेळ ५:२१ झाली. घरात पेढे वाटले. मीच आणले होते.

मग तो रात्री झोपेनासा झाला. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मला वाटलं, भरती तोंडावर आलीय, टेन्शन असेल. समोरच्या बंगल्याचा सीसीटीव्ही आपल्याच खिडकीकडं वळवलाय असं तो म्हणायला लागला तेव्हाही मी म्हटलं, असेल बाबा, पडदा लाव. याचं मला अजून वाईट वाटतं. तिसऱ्या रात्री तो दोन वाजता खिडकीशी अंधारात उभा होता आणि त्याच्या मानेची शीर मला दारातून उडताना दिसत होती. सकाळी तो ग्राउंडवर गेल्यावर मी त्याची बॅग पलंगावर उलटी केली.

पहिली वस्तू एनर्जी ड्रिंकचा कॅन, २५० मिलीचा. याबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडं अशा पेयांत एका लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलीग्रॅम कॅफिन चालतं, म्हणजे एका कॅनमध्ये ७५ मिलीग्रॅमपर्यंत. लहान मुलांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी घेऊ नये असं कॅनवरच छापलेलं असतं, दिवसाला ५०० मिलीच्या वर जाऊ नये हेही. अक्षर इतकं बारीक की मला चष्मा लावूनही कॅन उजेडाकडं धरावा लागला. आमच्या शाळेशेजारच्या टपरीवर सातवी-आठवीची पोरं ते पाण्यासारखं पितात. पळून आल्यावर अंगाला पाणी आणि मीठ लागतं, ते घरच्या ताकात मिळतं. घेऊ नका.

दुसरी वस्तू प्री-वर्कआउट पावडरचा डबा. काळा, वर विजेचं चित्र. चव कलिंगडाची म्हणून लिहिलीय, मी बोटावर घेऊन बघितली, आंबटढाण आणि मागं कडू. एका चमच्यात ३०० मिलीग्रॅम कॅफिन. घरच्या एका कप चहात तीस ते पन्नास मिलीग्रॅमच्या आसपास असतं, म्हणजे एका चमच्यात सहा-सात कप तरी झाले, तेही उपाशीपोटी एका घोटात. धडधाकट माणसाला दिवसभरात मिळून ४०० मिलीग्रॅमच्या पुढं जाऊ नये असं अमेरिकेचं आणि युरोपचंही अन्नसुरक्षा खातं सांगतं. दादू दोन चमचे घ्यायचा आणि वर तो कॅन.

डब्यावरच्या यादीत पुढं काही नावं एकत्र करून ‘ब्लेंड’ म्हणून लिहिलीत आणि सगळ्यांचं मिळून एकच वजन दिलंय. कुठलं किती, ते कळायला मार्ग नाही. मला या डब्यात सगळ्यात जास्त खटकलं ते हे. आम्ही थिएटरमध्ये सलाइनची बाटलीसुद्धा लेबल वाचल्याशिवाय लावत नाही. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर आपले कितीतरी खेळाडू डोप टेस्टमध्ये सापडले ते मिथाइलहेक्झेनअमाइन नावाच्या उत्तेजकामुळं, आणि ते अशाच ताकदीच्या पावडरींत घातलं जात होतं. २०१२ मध्ये लंडन मॅरेथॉनला तीस वर्षांची एक मुलगी शेवटच्या मैलावर कोसळून गेली, तिच्या पाण्याच्या बाटलीत हेच होतं.

पोरांचा या डब्यावर विश्वास बसतो तो एका गोष्टीमुळं. घेतल्यावर दहा-पंधरा मिनिटांत तोंडाला, कानाला, हातांना मुंग्या येतात. दादू म्हणायचा, “मावशे, अंगात घुसलं की कळतंय.” त्या मुंग्या बीटा-अ‍ॅलनीन नावाच्या घटकाच्या आहेत. तो कातडीखालच्या नसा चाळवतो, बस. त्या मुंग्यांचा पायातल्या जोराशी संबंध नाही आणि त्यांनी तसा अपायही नाही. पण ‘काहीतरी होतंय’ ही चटक तिथं लागते. डब्यानं मुंग्या येईनाशा झाल्या की पोरगं पुढच्या वस्तूकडं वळतं. आमच्या घरात तसंच झालं.

तिसरी वस्तू काचेची छोटी बाटली. १० मिलीची, रबरी बूच, वर अॅल्युमिनियमची कडी. ती डब्याच्या आत, पावडरीत पुरून ठेवली होती. सोबत इन्सुलिनच्या चार सिरिंज. लेबल नखानं खरवडून काढलेलं. पण मला लेबल लागलं नाही. ही बाटली मी सव्वीस वर्षं हातात धरतेय. मेफेंटरमाइन. १ मिलीत ३० मिलीग्रॅम, अख्ख्या बाटलीत ३००.

या औषधाचा खरा रिव्ह्यू आधी लिहिते, कारण ते वाईट औषध नाही. सिझेरियनला आम्ही बाईच्या पाठीत भुलीचं इंजेक्शन देतो. त्यानं कमरेखालच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि प्रेशर खाली येतं. बाई एकदम पांढरी पडते, म्हणते, “सिस्टर, कसंतरी होतंय,” तिला उलटीची भावना होते, मॉनिटरवर ८० बाय ५० दिसतं. तेव्हा भूलतज्ज्ञ डॉक्टर माझ्याकडं न बघताच हात पुढं करतात. मी याचं पातळ केलेलं औषध देते, ते सलाइनच्या नळीतून थोडंसं सोडतात, सहा मिलीग्रॅम वगैरे. एक-दोन मिनिटांत ९२ होतं, मग १०४. बाईच्या ओठांवर रंग येतो. पोट उघडं असताना आईचं प्रेशर सावरणं म्हणजे बाळाचा श्वास सावरणं. असं हजारो वेळा मी बघितलंय. त्या टेबलावर या बाटलीला मी पाचपैकी पाच देईन.

पण तिथं बाई आडवी झोपलेली असते. नाकाला ऑक्सिजन, बोटाला क्लिप, दंडाला पट्टा, हाताला सलाइन, आणि उशाशी एक डॉक्टर ज्याचं तेवढंच काम असतं की या आकड्यांवरून नजर हटवायची नाही. आणि बाईचं प्रेशर पडलेलं असतं, म्हणून चढवायचं असतं. दादूचं प्रेशर मुळात चांगलं होतं. तो हे अकॅडमीच्या मागच्या संडासात स्वतःच्या हातानं शिरेत मारत होता आणि मग एप्रिलच्या उन्हात १६०० मीटर पळत होता.

पोरांना वाटतं यानं ताकद येते. येत नाही. मी दादूला कणगीचं उदाहरण दिलं, ते त्याला पटलं. आपल्या नसांच्या टोकांना नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा असतो, अडीअडचणीला लागतो तेवढा शरीर त्यातून काढतं. कुत्रं मागं लागलं तर निघतो तो हाच. हे औषध कणगीत धान्य घालत नाही, खालचं तोंड उघडून आहे तेच भडाभडा बाहेर काढतं. त्या वेळी हृदय जोरात, रक्तवाहिन्या आवळलेल्या, दम लागल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. घड्याळात वीस सेकंद कमी दिसतात. दुसऱ्या खेपेला कणगीत कमी उरलेलं असतं, म्हणून तेवढ्याच औषधात काही होत नाही. मग डोस वाढतो. थिएटरमध्येही आम्हाला हे माहीत आहे, लागोपाठ दिलं की दर खेपेला परिणाम उतरतो. दादूला पहिली बाटली महिनाभर पुरली. मला सापडली ती चौथी होती आणि ती आणून चार दिवस झाले होते. आत तळाला थोडं शिल्लक होतं.

दम लागणं हा काही रोग नाही. पायांत गोळे आले, छाती भरून आली, आता थांब, असं शरीर सांगतं ते मरू नये म्हणून. तो निरोप तोडला की पोरगं थांबायचं तिथं थांबत नाही. त्यात कातडीच्या रक्तवाहिन्या आवळलेल्या, मग अंगातली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. १९६७ च्या टूर द फ्रान्स सायकल शर्यतीत टॉम सिम्प्सन नावाचा इंग्रज सायकलपटू १३ जुलैला मों व्हाँतूच्या चढावर रणरणत्या उन्हात कोसळला आणि गेला. त्याच्या रक्तात अँफेटामाइन सापडलं होतं, सोबत दारूचा अंश. तो २९ वर्षांचा होता आणि विश्वविजेता होऊन गेलेला. आपली पोरं ज्या उन्हात पळतात ते त्या डोंगरापेक्षा सौम्य नाही.

मी बाटली दादूसमोर टेबलावर ठेवली तेव्हा तो म्हणाला, “मावशे, हे औषध हाय. एमडी थोडंच हाय?” २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून आणि दिल्लीतून मेफेड्रोनचा, म्हणजे एमडी या नशेच्या पावडरीचा, प्रचंड साठा पकडला होता, तेव्हापासून आमच्याकडं प्रत्येक पोराला एमडी म्हणजे काय ते माहीत आहे, आणि ते वाईट हेही. पण मेफेंटरमाइन रेणूच्या रचनेत मेथअँफेटामाइनच्या इतकं जवळ आहे की दोघांत एका मिथाइल गटाचा फरक. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, म्हणजे वाडाच्या यादीत ते बंदी असलेलं उत्तेजक म्हणून आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते विकताच येत नाही. दादूला ते एका सीनियर पोरानं मिळवून दिलं, छापील किमतीच्या दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन. ज्या दुकानातून आलं त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, जिथं द्यायचं तिथं लेखी दिलंय.

मी त्याचा हात धरून नाडी मोजली. बसल्या जागी १३८. प्रेशर १७० बाय ११०. तळहात गार, कपाळ तापलेलं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या. लघवीला कसं होतंय विचारलं तर म्हणाला, कोऱ्या चहासारखी. ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण स्नायू मोडायला लागले की त्यातला रंग लघवीतून जातो आणि जाता जाता किडन्या बंद पाडू शकतो. मी १०८ ला फोन लावला.

दवाखान्यात त्यानं आधी डॉक्टरांना सांगितलं, फक्त पावडर घेतली. मी बाटली काढून समोर ठेवली. वाचणाऱ्या आईबापांना आणि मित्रांना मी हात जोडून सांगते, पोरगं छातीत दुखतंय म्हणून आणलं तर त्यानं काय मारलंय ते डॉक्टरांना त्या मिनिटाला सांगा. एकवीस वर्षांच्या पोराला हार्ट अ‍ॅटॅक कशाला येईल, असं कुणालाही वाटतं. उत्तेजकानं हृदयाची नळी आवळली जाते आणि येतो. ठोका बिघडतो. डोक्यातली शीर फुटते. आणि उपचाराची औषधं ठरवताना डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं, नाहीतर प्रेशरचं नेहमीचं औषधही उलटू शकतं. पोलीस केस होईल या भीतीनं लोक गप्प बसतात आणि वेळ जातो.

ईसीजी काढला, ठोके जलद होते पण बाकी ठीक. स्नायूंची रक्ततपासणी खूप वाढलेली. सलाइनवर सलाइन, शांत करणारं इंजेक्शन, काखेत आणि मानेला गार पट्ट्या. दुसऱ्या दिवशी लघवी निवळली. त्या रात्री वॉर्डातला पंखा त्याचं नाव घेतोय असं तो मला सांगत होता. मानसोपचाराच्या मॅडम आल्या, त्यांनी घाबरू नका म्हणून सांगितलं. उत्तेजकांनी असा संशय आणि भास होतो, बहुतेकांचा काही दिवसांत जातो, काहींचा राहतो. दादूचा आठव्या दिवशी गेला.

आणखी एक तपासणी झाली ती लिहायलाच हवी. एका बाटलीत पाच पोरं सुया घालत होती. सिरिंज प्रत्येकाची वेगळी म्हणून त्यांना वाटायचं, काळजी नाही. पण वापरलेली सुई पुन्हा त्याच बुचातून आत गेली की एकाचं रक्त सगळ्यांच्या औषधात. एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, तिन्ही तपासलं. आलं नाही. तीन महिन्यांनी परत तपासलं, तेव्हाही नाही. बाकीच्या चौघांपैकी दोघांच्याच घरच्यांनी माझं ऐकून तपासणी केली.

मग उतार. याबद्दल कुणी बोलत नाही, पण मला सगळ्यात जड गेला तो हाच. सोडल्यावर दारूड्यासारखे हात थरथरत नाहीत, म्हणून लोकांना वाटतं सुटलं. दादू सोळा-सोळा तास झोपायचा. उठला की पाच भाकरी खायचा आणि भिंतीकडं तोंड करून बसायचा. म्हणायचा, पाय माझे नाहीत. आनंद वाटायला जी रसायनं लागतात तीही रिकामी झालेली असतात, ती भरायला आठवडे जातात. एके दिवशी तो शांतपणे म्हणाला की मी नसतो तर आईचे पैसे वाचले असते. मी दहा दिवस रजा टाकली आणि त्याच्या खोलीच्या दाराची कडी काढून घेतली. बहीण माणहून आली, तिनं त्याला काही विचारलं नाही, नुसती शेजारी बसून ज्वारी निवडत राहिली. मॅडमनी दर आठवड्याला बोलावलं. मी रात्री-अपरात्री दोनदा १४४१६ वर फोन केला, टेली मानस, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. व्यसनासाठी १४४४६ हाही सरकारी नंबर आहे. दोन्ही भिंतीवर लिहून ठेवा.

त्या वर्षीची भरती गेली. अकॅडमीत मी जाऊन आले. सरांनी ऐकून घेतलं, म्हणाले आमच्या आवारात असं काही होत नाही. मी त्यांना संडासाच्या खिडकीवरच्या सुयांच्या टोप्या दाखवल्या. त्यांना ते माहीत होतं की नव्हतं ते मला सांगता येणार नाही, पण ५:४० चं पोरगं महिन्यात ५:२१ येतं तेव्हा शिकवणाऱ्यानं एकदा तरी विचारायला हवं होतं. मीही विचारलं नव्हतं. मी पेढे आणले होते.

बाटलीत उरलेलं औषध मी थिएटरच्या नियमानं टाकून दिलं. डबा बहिणीनं चुलीत घातला. दादू आता दुसऱ्या एका निवृत्त फौजी काकांकडं पहाटे पळायला जातो, ते उन्हं चढायच्या आत सगळ्यांना घरी पाठवतात आणि आठवड्यातून एक दिवस पळू देत नाहीत. सहा महिन्यांनी त्याची वेळ आहे ५:४६. सकाळची नाडी ६४. रात्री साडेनऊला झोपतो. अजून कधीकधी आठवण होते म्हणतो, विशेषतः शेवटच्या चारशे मीटरला, आणि त्या दुकानाच्या गल्लीतून जायचं टाळतो. हृदयाची सोनोग्राफी एकदा झालीय, ठीक आली. पुढची १५ तारखेला आहे, मी सकाळची ड्यूटी बदलून घेतलीय.